दोन शेर मिरची, पण कोणता शेर? बेळगाव-शहापूरच्या चटणीचा हिशेब

बेळगावच्या मराठी घरात नुसतं 'चटणी' म्हटलं की ओल्या खोबऱ्याची हिरवी चटणी कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. चटणी म्हणजे डब्यातली लाल चटणी. मिरची, कांदा, लसूण, खोबरं, धने घालून उन्हाळ्यात एकदा कुटायची आणि वर्षभर आमटी, पिठलं, उसळ, रस्सा सगळ्यात वापरायची. पुण्याकडचे पाहुणे आले आणि आपण "आमटीत चटणी कमी पडली वाटतं" म्हणालो की ते बुचकळ्यात पडतात. त्यांच्याकडे आमटीत तिखट पडतं आणि मसाला पडतो, चटणी ताटात डावीकडे बसते. कोल्हापूर, निपाणी, गडहिंग्लज, बेळगाव, खानापूर एवढ्या पट्ट्यात मात्र हा शब्द असाच चालतो. आमच्या शेजारच्या कन्नड घरात जवळजवळ याच जिनसांच्या डब्याला 'मसाले खारा' म्हणतात. डबा उघडल्यावर येणारा ठसका सारखाच.

या लेखाचं निमित्त आमच्या घरातली एक वही. माझ्या आजेसासूबाईंची, शहापुरातली. वरच्या पानावर शके 1868, म्हणजे इसवी सन 1946-47. त्यात देणीघेणी आहेत, लग्नातल्या आहेरांची यादी आहे, दोन औषधं आहेत आणि मधेच अर्ध्या पानावर चटणीचं प्रमाण आहे: मिरची दोन शेर, त्यातली ब्याडगी सव्वा, जवारी पाऊण, सुक्या खोबऱ्याच्या चार वाट्या, लसणाचे दहा गड्डे, आठ कांदे चिरून वाळवून, धने चार मुठी, खडे मीठ तीन मुठी, तेल लागेल तसं. बस्स एवढंच. कृती नाही, कारण ती लिहायची गरजच कुणाला वाटली नव्हती.

सासूबाई आता शहाऐंशीच्या आहेत. ही चटणी तिच्या मूळ चवीची खाल्लेलं आमच्या घरात दुसरं कुणी उरलेलं नाही. गेली पंचवीस-तीस वर्षं आम्ही कांडप गिरणीवाल्याच्या अंदाजाने चटणी करून घेतो. ती चांगली असते, पण ती 'आत्याबाईंची' नाही, असं त्या दर वर्षी सांगतात. (आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई, आमच्याकडे तसंच म्हणतात.) त्यांची जीभ साथ देते आहे तोवर वहीतलं प्रमाण ताडून घ्यावं, असं गेल्या वर्षी ठरवलं. आणि पहिल्याच शब्दाला अडले, तो शब्द म्हणजे शेर.

त्याकडे वळण्याआधी मिरचीबद्दल थोडं सांगते, कारण आपल्या मंडळात हा प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच.

मिरची इथली नाही. ती मध्य आणि दक्षिण अमेरिकेची. कोलंबस 1492 मध्ये तिकडे पोचला, पोर्तुगीज 1498 मध्ये इकडे आले आणि 1510 मध्ये त्यांनी गोवा घेतला. म्हणजे सोळाव्या शतकाच्या आधीच्या कुठल्याही इथल्या स्वयंपाकात मिरची असणं शक्यच नाही. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' बाराव्या शतकातला. कल्याणी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, आपल्यापासून फार दूर नाही. त्या ग्रंथात खाण्यापिण्याचं सविस्तर प्रकरण आहे, वडे आहेत, मांस आहे, दह्यातले पदार्थ आहेत. तिखटपणासाठी मिरी, आलं, मोहरी, हिंग. मिरची नाही. माझ्या माहेरी श्राद्धाच्या स्वयंपाकात मिरची वापरत नसत, मिरे कुटून घालत. लहानपणी तो मला नुसता सोवळ्याचा एक नियम वाटे. आता वाटतं, त्या एका दिवसापुरतं आमचं घर मिरचीच्या आधीच्या काळात जाऊन यायचं.

शब्द पाहिले तर गोष्ट आणखी स्पष्ट होते. मराठीत मिरी आणि मिरची. कन्नडमध्ये मेणसु म्हणजे मिरी आणि मेणसिनकाई म्हणजे मिरची, शब्दशः 'मिऱ्याची काय', मिऱ्याचं फळ. तमिळमध्ये मिळगु आणि मिळगाय, गुजरातीत मरी आणि मरचुं. कोकणीतली मिरसांग म्हणजे मिऱ्याची शेंग, असा अर्थ सरळ लागतो. सगळ्यांनी एकच केलं, नवी वस्तू जुन्या नावाच्या ओसरीवर आणून बसवली. मुंबईत एके काळी हिला 'गोवाई मिरची' म्हणत. ती कुठल्या वाटेने आली हे त्या नावातच आहे.

इथे एक अडचण नेहमी पुढे येते ती संत सावता माळी यांची. त्यांच्या नावावरच्या सर्वांना पाठ असलेल्या अभंगात मळ्यातल्या भाज्यांबरोबर मिरचीचंही नाव आहे. सावतोबांची समाधी शके 1217 ची, म्हणजे 1295 ची. कोलंबसाच्या दोनशे वर्षं आधी अरणच्या मळ्यात मिरची कुठून येणार? काही जण यावरून मिरची इथलीच असं सिद्ध करू पाहतात. मला ते पटत नाही. मिरचीची रानटी भावंडं अमेरिकेतच सापडतात, आणि तिच्याशिवाय लिहिलेले आपले ग्रंथ समोर आहेत. अभंग शतकानुशतकं तोंडातोंडी आला. गाणाऱ्याच्या मळ्यात जे होतं ते त्यात शिरलं असणार. माळ्याच्या अभंगात मिरची नाही हे सतराव्या-अठराव्या शतकातल्या वारकऱ्याला विचित्र वाटलं असेल, आणि मला तर हे मिरचीच्या यशाचं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र वाटतं. तिच्याशिवायचा काळच लोक विसरून गेले.

ती एवढी का रुजली, याचं आपल्या भागापुरतं उत्तर जमिनीत आहे. मिऱ्याचा वेल घाटावरच्या ओल्या, सावलीच्या हवेचा. खानापूरच्या पलीकडे, कारवार-शिरसीकडे तो होतो. गोकाक, सौंदत्ती, धारवाडच्या काळ्या कोरडवाहू रानात होत नाही. तिथल्या शेतकऱ्याला मिरी विकतच घ्यावी लागे, आणि ती परदेशी जाणाऱ्या मालाच्या भावाने. मिरची मात्र त्याच्या स्वतःच्या रानात आली. चार फळं वाळवून बी ठेवलं की पुढच्या वर्षीची सोय. ज्वारीची भाकरी, डाळ आणि तिखट हे ताट कुणाच्याही दाराशी न जाता भरू लागलं. ब्याडगी आणि संकेश्वर ही दोन्ही नावं अशाच रानांतून पुढे आली.

ब्याडगी हे गाव आज हावेरी जिल्ह्यात आहे. 1997 पर्यंत ते धारवाड जिल्ह्यात होतं. ब्याडगीची मिरची गडद लाल, सुरकुतलेली, बी कमी, तिखटपणा बेताचा. तिच्यात दोन प्रकार, लांब ती कड्डी आणि आखूड, फुगीर ती डब्बी. 2011 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. संकेश्वर आपल्याच जिल्ह्यातलं, हुक्केरी तालुक्यातलं. संकेश्वरी मिरची लांबसडक, अंगाने बारीक, रंगाला ब्याडगीएवढी गडद नाही, पण झणझणीत आणि वासाची. हिलाच आपल्याकडे आणि गडहिंग्लजकडे 'जवारी' म्हणतात. जवारी म्हणजे गावठी, मूळची. वहीतली 'जवारी पाऊण' म्हणजे ही.

गडहिंग्लज कोल्हापूर संस्थानात, संकेश्वर इंग्रजी बेळगाव जिल्ह्यात, आणि ही वही जिथे लिहिली ते शहापूर तर सांगली संस्थानात. बेळगावच्या बाजारातून चालत निघालं की रस्त्यात कुठेतरी राज्य बदलायचं. 1948-49 मध्ये संस्थानं विलीन झाली आणि थोडी वर्षं हे सगळं एकाच मुंबई राज्यात आलं. 1 नोव्हेंबर 1956 ला पुन्हा रेघ पडली, या वेळी संकेश्वर आणि गडहिंग्लजच्या मधून. सीमाप्रश्नावर या संकेतस्थळावर पुष्कळ लिहून झालंय, ते मी इथे काढत नाही. एवढंच, की संकेश्वरी मिरचीला महाराष्ट्राची म्हणावं की कर्नाटकाची, या वादात मला रस नाही. तिचं रान रेघेच्या दोन्ही अंगांना आहे.

आता शेर.

आज शेर म्हटलं की बहुतेक जण 'साधारण एक किलो' म्हणतात. तो सरकारी पक्का शेर, 80 तोळ्यांचा. तोळा 11.66 ग्रॅमचा धरला तर 933 ग्रॅम. पण मुंबईच्या व्यापारातला जुना शेर 28 तोळ्यांचा होता, म्हणजे साधारण 326 ग्रॅम. आणि दक्षिणेत पुष्कळ ठिकाणी चालणारा कच्चा शेर 24 रुपयांच्या वजनाचा, म्हणजे 280 ग्रॅम. (रुपया आणि तोळा यांचं वजन एकच.) शिवाय धान्याचा शेर निराळा, तो वजनाचा नव्हे, मापाचा. दशमान वजनं 1958 पासून टप्प्याटप्प्याने आली आणि 1962 पर्यंत सक्तीची झाली. त्याआधी एका गावचा शेर दुसऱ्या गावाला चालेलच असं नव्हतं, आणि शहापूर-बेळगावसारख्या दोन अमलांच्या जोडगावात तर विचारूच नका.

वहीतल्या सगळ्याच जिनसा शेरात असत्या तर काही बिघडत नव्हतं. शेर कुठलाही असो, प्रमाण तेच राहिलं असतं. पण मिरची शेरात आहे आणि बाकी सगळं नगांत किंवा मुठींत. खोबऱ्याची वाटी ही वाटीच असते, लसणाचा गड्डा हा गड्डाच. त्यामुळे शेर ठरल्याशिवाय चटणी ठरत नाही, आणि उलट चटणीवरून शेर ठरवता येतो. मला हा दुसरा रस्ता आवडला.

मध्यम आकाराच्या सुक्या खोबऱ्याच्या चार वाट्या तोलल्या, 260 ग्रॅम भरल्या. लसूण गावठी, बारीक पाकळ्यांचा घेतला, कारण 1946 मध्ये आजचा टपोरा लसूण नसणार. दहा गड्डे 240 ग्रॅम. आठ मध्यम कांदे ओले 650 ग्रॅम, गच्चीवर चार दिवस वाळवल्यावर जेमतेम 90. चार मुठी धने 120 ग्रॅम, तीन मुठी खडे मीठ 165. मूठ माझी. आजेसासूबाई माझ्यापेक्षा बारक्या होत्या म्हणतात, तेवढा फरक सोडून द्यावा.

पक्क्या शेराने दोन शेर मिरची म्हणजे 1,866 ग्रॅम. तिच्यापुढे 260 ग्रॅम खोबरं आणि 240 ग्रॅम लसूण म्हणजे नुसता शिडकावा. तरीही चौथाई प्रमाणात करून पाहिली. झालं ते तिखट, चटणी नव्हे. कोरडं, भुरभुरीत, आमटीत घातलं की वर तरंगणारं. सासूबाईंनी भाकरीच्या तुकड्याला लावून चाखलं आणि ताट बाजूला सारलं. "हे काय गं, मिरचीपूडच की ही."

कच्च्या शेराने मिरची होते 560 ग्रॅम, ब्याडगी 350 आणि जवारी 210. कागदावरच हे खरं वाटू लागलं. मिरचीच्या निम्म्याला जरा कमी खोबरं आणि जवळजवळ तेवढाच लसूण, ही आपल्याकडच्या कांदा-लसूण चटणीची ओळखीची घडण आहे. 28 तोळ्यांच्या शेराने 653 ग्रॅम येते, तीही बसू शकते. दोन्ही केल्या. फरक आहे, पण तो जिभेपेक्षा रंगात जास्त दिसतो. शेवटी निकाल जिभेने नव्हे, आठवणीने दिला. सासूबाई म्हणाल्या, "मिरची, गूळ, चिंच हे सगळं कच्च्या शेरानं घ्यायचं. आत्याबाई दुकानदाराला तसंच सांगायच्या, कच्चा दोन शेर दे म्हणून." त्यांना तोळे माहीत नव्हते, पण 'कच्चा' हा शब्द त्यांच्या कानात होता. मी 24 तोळे धरले.

प्रमाण जुळलं, पण चव अजून आली नव्हती. "तिखट बरोबर आहे, वास कुठाय?" असं त्यांनी दोनदा म्हटलं. वहीत नसलेली कृती त्यांच्याकडून तुकड्यातुकड्यांनी काढावी लागली. विचारलं की सांगत नसत, समोर केलं की टोकत. मिरच्या उन्हात कडकडीत वाळवून देठ खुडायचे, आधी खुडले तर मिरचीचं तोंड उघडतं आणि वास जातो. दोन्ही मिरच्या वेगवेगळ्या परतायच्या, कारण ब्याडगीचं साल पातळ, ती पटकन काळवंडते आणि तिचा रंग गेला की तिला घेण्याचं कारणच गेलं. जवारीला जरा जास्त आच चालते. खोबरं किसून तांबूस, कांदा तेलात कुरकुरीत. लसूण मात्र परतायचा नाही. तो शेवटी, मीठ घालून उखळात कच्चाच कुटायचा आणि मग सगळं एकत्र करायचं. गिरणीवाले सगळंच परतून मागतात, कारण ओला लसूण यंत्राला चिकटतो. हरवलेला वास हाच होता, असं आता वाटतं.

तेलात परतण्यामागे साधं कारण आहे. मिरचीचा तिखटपणा बियांत असतो असं आपण धरून चालतो. खरं तर तो आतल्या पांढऱ्या शिरेत असतो, बियांना तिथून लागतो. तो पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून चटणी तेलात परतली की सगळ्या आमटीभर सारखी पसरते, आणि म्हणूनच तोंड भाजल्यावर पाण्याने काही होत नाही, ताक लागतं. आपल्या ताटात झणझणीत पदार्थाशेजारी दही-ताक आलं ते उगाच नव्हे.

तिसऱ्या खेपेची चटणी पिठल्यात घातली. पिठलं आमच्या घरात आजारातून उठलेल्याचं, उशिरा घरी आलेल्याचं आणि स्वयंपाकाचा कंटाळा आलेल्याचं जेवण. फोडणीत लसूण-मोहरी, पाणी, चटणी, आणि पाण्याला उकळी आली की वरून पीठ पेरायचं. सासूबाईंनी जोंधळ्याची अर्धी भाकरी त्याच्याबरोबर संपवली. त्या हल्ली पाव भाकरी खातात. म्हणाल्या काहीच नाहीत. थोड्या वेळाने विचारलं, "डब्यात भरून ठेवलीस काय? वर हिंगाचा खडा घाल, नाहीतर कीड लागेल." मी ते संमती म्हणून नोंदवून ठेवलंय.

आता काही फुटकळ गोष्टी, वहीला धरून.

वहीत ढबू मिरची कुठेच नाही. (बाहेर हिला ढोबळी किंवा सिमला म्हणतात.) आज आमच्याकडे पीठ पेरलेली ढबू आठवड्यातून एकदा होते आणि मुलांना तीच 'आजीची भाजी' वाटते, पण आजीच्या सासूच्या पानात ती नव्हती. उलट ताज्या लाल मिरचीचा रंजका वहीत आहे, एका ओळीत. पिकलेल्या लाल मिरच्या, लसूण, मीठ, लिंबू वाटून बरणीत. हाच शब्द आणि हाच पदार्थ उत्तर कर्नाटकातल्या कन्नड घरांतही आहे. जुन्या मराठीत रंजक म्हणजे तोफेच्या कानात भरायची दारू. चटणीचं नाव तिथून आलं असं म्हणायचा मोह होतो, पण निव्वळ गमतीपलीकडे मी त्याला किंमत देत नाही.

खर्डाही वहीत नाही, आणि त्याचं कारण उघड आहे. हिरव्या मिरच्या तव्यावर तेलात काळे ठिपके पडेपर्यंत भाजायच्या, लसूण-मीठ घालून तव्यातच तांब्याच्या बुडाने रगडायच्या. ते कोण लिहून ठेवणार?

मिरची विकत घेताना सावध राहा, हे मात्र सांगायला हवं. 'ब्याडगी' नावाने बाजारात आता संकरित जातीही येतात, आणि ब्याडगीच्या बाजारात बाहेरच्या जिल्ह्यांतला आणि आंध्रातला मालही उतरतो. दिसायला लाल आणि सुरकुतलेलीच. मी मिरची मोडून पाहते. साल पातळ हवं, बी थोडं हवं, आणि बोटाला रंग लागला पाहिजे. जवारीची गोष्ट आणखी अवघड. पिकाला उतारा कमी म्हणून शेतकरी ती सोडत चालले आहेत, आणि त्यांना दोष देता येत नाही. आम्हाला यंदा खरी जवारी संकेश्वरच्या आठवडी बाजारात तिसऱ्या फेरीत मिळाली, तीही पाच किलोच.

चटणीचं ठरलेलं प्रमाण ग्रॅममध्ये असं: ब्याडगी 350, जवारी 210, सुकं खोबरं 260, गावठी लसूण 240, वाळवलेला कांदा 90, धने 120, खडे मीठ 165, तेल दीड वाटी. साधारण दीड किलो होते, चार माणसांच्या घराला सहा-सात महिने पुरते. 'रुचिरा' 1970 मध्ये निघालं तेव्हा कमलाबाई ओगल्यांनी वाटी-चमच्याचं माप दिलं आणि कितीतरी नवख्या मुलींची सोय झाली. मी ग्रॅम दिलेत, कारण वाट्यांचे आकार आता पुन्हा घरोघरी वेगळे झालेत.

ज्यांच्या घरी 1958 च्या आधीच्या अशा वह्या असतील, मग त्या मराठी असोत, कन्नड असोत की मोडीत, त्यांनी त्या पानाचं छायाचित्र मंडळाकडे पाठवावं. शेरात लिहिलेली आणि नगांत लिहिलेली अशी जिन्नस एकाच पानावर असेल तर ते पान फार मोलाचं. खानापूर, निपाणी आणि शहापूर इथला कच्चा शेर एकच होता का, हे अशा दहा-बारा पानांवरून काढता येईल. पाठवताना पदार्थ कुणी केलेला आठवतो तेही लिहा, आणि ती व्यक्ती घरात असेल तर आधी तिला चाखायला द्या.